प्रतिवादी क्रमांक तीन

“पाणीसुद्धा आपल्या घरचं न्या,” जिल्हा न्यायाधीश मला म्हणाले. “आणि कुणी देवाचा अंगारा पुढे केला, तर तो लावून घेण्याआधी कोण करतंय ते बघा.”

बदलीचा हुकूम हातात घेऊन मी त्यांच्यासमोर बसले होते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे चोळले.

“तिथे एक दावा आहे. कोंडशेत गावच्या देवळाचा. पालवांच्या दोन घरांचं भांडण. तुमच्या आधी जो जो त्या खुर्चीवर बसला, तो तो त्या दाव्यातून बाद झाला.”

“बाद म्हणजे?”

“एकजण स्थळपाहणीला गेला. ऊन होतं, शहाळं प्यायला. ते थोरल्या घरच्या माडाचं निघालं. त्याच्यानंतरच्याने कशाला हात लावला नाही, पण त्याच्या बायकोच्या माहेरचं कुलदैवत तीच देवी. मग मी आपले कुलकर्णी पाठवले. पक्का नास्तिक माणूस, म्हटलं हा तरी टिकेल. तर दोन्ही बाजूंनी मिळून अर्ज दिला. प्रतिवादी क्रमांक तीन अस्तित्वातच नाही असं ज्यांचं आधीपासून मत आहे, त्यांच्यापुढे प्रतिवादी क्रमांक तीनला न्याय कसा मिळणार?”

“प्रतिवादी क्रमांक तीन कोण?”

“देवी,” ते म्हणाले. “श्रीदेवी पावणाई.”

मला हसू आलं नाही. कायद्यात देव पक्षकार असू शकतो. त्याच्या नावावर जमीन असते, त्याच्यावर दावा लागतो, आणि त्याला स्वतःला कोर्टात येऊन बोलता येत नाही म्हणून कोर्ट त्याच्या वतीने एक वकील नेमून देतं. आणि न्यायाधीशाचं कुठल्याही पक्षकाराशी नातं, देणंघेणं, प्रेम किंवा वैर असता कामा नये, हेही कायद्यातच आहे. या दोन गोष्टी एकाच दाव्यात समोरासमोर आल्या की काय होतं, याचा विचार मात्र मी कधी केला नव्हता.

“तुम्ही फार देवभक्त आहात असं ऐकतो,” साहेब म्हणाले.

“रोजचे थोडे नेम आहेत.”

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “मग अवघड आहे.”

या गोष्टीला आता पंचवीसेक वर्षं होत आली. मला निवृत्त होऊनही बरेच दिवस झाले.

माझे नेम फार कडक होते असं नाही. पहाटे स्नान, तुळशीला पाणी, देवीचा पाठ. त्यात एक नेम सासूबाईंनी घालून दिलेला: ज्या मुलखात राहायचं, त्या मुलखातल्या गावदेवींची नावं घेऊन नमस्कार करायचा आणि मगच तोंडात पाणी घालायचं. बदली झाली की मी शेजारणीला आधी पाण्याची वेळ विचारायची आणि मग देवींची नावं. इथे पोस्टमास्तरांच्या पत्नी शेजारी होत्या. त्यांनी बोटांवर मोजत नावं सांगितली आणि पहिलंच सांगितलं, “कोंडशेतची पावणाई. फार जागृत.”

ते नाव मी गाळलं. पक्षकाराला रोज सकाळी नमस्कार करून मग त्याच्या दाव्यात बसायचं, हे काही बरोबर दिसेना. बाकीच्या देवींची नावं घ्यायची आणि पावणाईच्या जागी गप्प राहायचं, असं ठरवलं. पण जिचं नाव घ्यायचं नाही तीच रोज सगळ्यांच्या आधी आठवायची. समोरून ओळखीचं माणूस येताना दिसावं आणि आपण मान वळवून दुकानाकडे बघत पुढे जावं, तसं व्हायचं मला, रोज पहाटे, देवघरात.

दावा बोर्डावर आला तो भाद्रपदात.

भांडण असं होतं. कोंडशेतला कुठलंही मोठं काम देवीचा कौल घेतल्याशिवाय होत नाही. गुरव देवीच्या अंगावर दोन बाजूंना ओल्या फुलांच्या कळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गाऱ्हाणं घालताना देवीच्या उजव्या अंगाला पहिला कोण उभा राहणार, थोरल्या घरचे आत्माराम पालव की धाकट्या घरचे भिवा पालव, एवढाच प्रश्न. त्यावरून एकदा देवळातच डोकी फुटली, तेव्हा कोर्टाने पुढच्या दाराला कुलूप घातलं. गुरवाने मागच्या दाराने जाऊन पूजा करायची, दिवा लावायचा. कौल मात्र बंद. आणि कौल बंद म्हणजे गावातली लग्नं बंद. मुंबईला जाऊन कुणीकुणी उरकून आले, पण घरची म्हातारी माणसं त्या जोडप्यांना अजून पाहुण्यासारखं वागवत होती म्हणे.

पहिल्या तारखेला थोरल्या घरचे वकील म्हाडगुत उभे राहिले.

“मॅडमविषयी आम्हाला नितांत आदर आहे,” ते म्हणाले. वकिलांनी अशी सुरुवात केली की मी पेन खाली ठेवायची. “परंतु मॅडमचं कुलदैवत कोल्हापूरची अंबाबाई, असं समजलं.”

“कुठून समजलं?”

“दूधवाला सांगत होता. आता आमच्या गावची समजूत अशी, की पावणाई ही अंबाबाईची धाकटी बहीण. म्हणजे मॅडम प्रतिवादी क्रमांक तीन यांच्या थोरल्या बहिणीच्या घरच्या झाल्या. नातं लागतं. म्हणून हा दावा मॅडमनी चालवू नये, असा अर्ज आहे.”

धाकट्या घरचे वकील प्रभुदेसाई ताडकन उठले. “हरकत आहे. पावणाई अंबाबाईची बहीण नव्हेच. नणंद.”

“नणंद म्हणजेही नातंच ना?” मी विचारलं.

“काय म्हणालात, मॅडम?”

माझा आवाज मुळात लहान. कोर्टात सगळ्यांना पुढे वाकून ऐकावं लागायचं. मी पुन्हा विचारलं.

“अर्थात नातंच,” प्रभुदेसाई म्हणाले. “त्यात नणंदेचं म्हणजे काय ते मॅडमना सांगायला नको. म्हणून आमचाही अर्ज आहे. मागणी तीच, कारण वेगळं.”

“म्हणजे मी जावं यावर तुमचं दोघांचं एकमत आहे.”

“तेवढ्यावर आहे,” म्हाडगुत म्हणाले.

मागच्या बाकावर एक मुलगी बसली होती. मांडीवर रंगीत कागद घेऊन कात्रीने पोपट कापत होती. अंगणवाडीत शिकवायची, ते पोरांसाठी असावेत. प्रभुदेसाईंनी तिच्याकडे हात केला. “वादींना घाई असायला हवी, मॅडम. ही त्यांची मुलगी अनसूया. देवगडचं स्थळ ठरलंय. मुलाची आई म्हणते तुळशीच्या लग्नापर्यंत वाट बघेन, मग दुसरीकडे बघेन. तरी हे अर्ज देत बसलेत.”

आत्माराम पालव बाकावरून उठले. उंच, सुकलेले, पांढऱ्या टोपीचे. “माज्या चेडवाचा लगीन माका बघूचा आसा. तुमका नाय.”

“मगे मान सोड, नि लाव लगीन,” पलीकडून भिवा पालव म्हणाले.

“तू सोड.”

“माजा खंय लगीन अडलाहा?”

मी दोघांना बसायला सांगितलं. ते मला ऐकू आलं, त्यांना गेलं नाही. नाझर खोतांनी माझं म्हणणं मोठ्याने सांगितलं, तेव्हा बसले. नाझर म्हणजे कोर्टाची समन्सं, जप्त्या, कुलपं-किल्ल्या सांभाळणारा माणूस. खोत माझा आवाजही सांभाळायचे. मुलीने मान वर केली नव्हती. पोपटाची चोच कापता कापता कात्री तेवढी थांबली होती.

दोन्ही अर्जांवर मी पुढची तारीख दिली.

मधे नवरात्र आलं. अष्टमीला दुपारी कोर्टाला सुट्टी होती. मी पाठ आटोपून बाहेर आले तर क्वार्टरच्या पायरीशी एक रिक्षा थांबली, आणि आतून दोन बायका उतरल्या. दोघींच्या हातात ताट, ताटात नारळ, खण, तांदूळ. एक आत्मारामांच्या पत्नी, दुसरी भिवांच्या. नवऱ्यांचं पटत नसलं तरी रिक्षा एकच केली होती. मागून अनसूया उतरली.

“बाईनु, ओटी भरूक इलंव,” थोरल्या घरची काकी म्हणाली.

“तुमच्या हातची ओटी मला घेता येणार नाही,” मी म्हटलं. “तुमचा दावा माझ्यापुढे आहे.”

“आमची खंय? ओटी देवीची.”

“देवीसुद्धा पक्षकार आहे.”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. “देवीन काय केल्यान?” धाकट्या घरची काकी म्हणाली.

“तिने काही केलं नाही. पण तिचं नाव दाव्यात आहे.”

“मगे नाव काढून टाका. तिका कित्याक ओढलास?”

थोरल्या घरची काकी तेवढ्यात एक पायरी चढली. “होऊ दे ता. पयली मी भरतंय.”

“तू पयली कशी?” दुसरीही चढली. “थोरला घर तुमचा गावात. हो उंबरठो बाईंचो.”

“वयान मी मोठी.”

“वयान मोठी, पण पाय आधी माजो लागलोहा.”

आणि माझ्या दारात, एका पायरीवर, दोन नारळ छातीशी धरून दोघी तोच दावा चालवायला लागल्या. एकीचा खांदा पुढे की दुसरीचा. मी उंबरठ्याच्या आत. मागे सरकावं तर आलेली ओटी नाकारली असं होतं, आणि ओटी नाकारायची नाही असं सासूबाईंनी मला मरणाआधी शपथ घालून सांगितलेलं. पुढे सरकावं तर कुणाचा तरी हात माझ्या पदराला लागणार आणि दुसऱ्या दिवशी त्याचा अर्ज येणार.

“मी ओटी नाकारत नाही,” मी म्हटलं. “तहकूब करते.”

हा शब्द दोघींना नीट कळत होता. थोरल्या घरच्या काकीने नारळ ताटात खाली ठेवला. तारीख पडली म्हणजे पडली, त्यात वाद घालायचा नसतो, हे कोंडशेतातल्या बायकांनाही ठाऊक झालं होतं.

“पुढची तारीख?” अनसूयाने विचारलं. तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

“तुमचा दावा माझ्यापुढून जाईल तेव्हा. मी स्वतः येईन कोंडशेतला, ओटी भरून घ्यायला.”

“सगळे जजसाहेब जाताना असाच म्हणतत. एकसुद्धा इलो नाय.”

“मी येईन.”

“तुमी गेलात म्हणजे कुलूप परत तसाच ऱ्हवतला.”

“दाव्याबद्दल मला तुझ्याशी बोलता येणार नाही.”

“मी दाव्याचा बोलत नाय, मॅडम,” ती म्हणाली. “कुलपाचा बोलतंय.”

रिक्षेत बसतानाही दोघी काक्या आधी कोण चढणार यावर अडल्या. शेवटी अनसूयाच आधी चढली.

त्याच संध्याकाळी मी जिल्हा न्यायाधीशांना फोन लावला.

“साहेब, या दाव्यात मी बसू नये असं मला वाटतं.”

“का? अर्जातली कारणं खरी आहेत?”

“कारणं अगदीच काहीतरी आहेत. पण मागणी बरोबर आहे.” देवघरातलं मी त्यांना सांगितलं. नाव गाळल्याचं, आणि गाळूनही काय होतं त्याचं.

“तुम्ही गेलात तर माझ्याकडे माणूस नाही,” ते म्हणाले. “मी स्वतः बसू शकत नाही, माझी आई कोंडशेतची. बाहेरच्या जिल्ह्यातून कुणी मागवायचा म्हणजे वर्ष गेलं.”

“पण अर्जांवर निर्णय देईपर्यंत तरी दावा माझ्याकडे आहे ना?”

“तेवढा आहे.”

“मला तेवढंच विचारायचं होतं,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

पुढच्या तारखेला कोर्ट भरलेलं होतं. मी बाद झाले की नाही ते बघायला कोंडशेत लोटलं होतं. म्हाडगुतांनी बहिणीची बाजू मांडली, प्रभुदेसाईंनी नणंदेची. दोघांचं संपल्यावर मी विचारलं, “नेरूरकर वकील आहेत का?”

खांबाआडून एक हात वर आला. देवीच्या वतीने कोर्टाने नेमलेले वकील. तरुणच होते, कोटाच्या बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. त्या दाव्यात आजवर त्यांना कुणी काही विचारलं नसावं, कारण आपलं नाव ऐकून ते आधी मागे वळून बघायला लागले.

“या अर्जांवर तुमचा से काय?” मी विचारलं. से म्हणजे अर्जावर दुसऱ्या पक्षकाराचं म्हणणं. आमच्या कोर्टांतून हाच शब्द रूढ आहे.

“माझा?”

“तुमच्या पक्षकाराचा. मी हा दावा चालवावा की नाही, याबद्दल प्रतिवादी क्रमांक तीनचं काय म्हणणं आहे?”

नेरूरकरांनी ओठ ओले केले. “मॅडम, खरं सांगायचं तर माझं पक्षकाराशी अजून बोलणं झालेलं नाही.”

“कधीपासून नेमलंय तुम्हाला?”

“दावा लागल्यापासून.”

“मग बोलला का नाही?”

“दाराला कुलूप आहे, मॅडम. कोर्टाचंच.”

कोर्टात हशा पिकला. मी तो विरू दिला.

“म्हणजे मला बाद करा असे दोन अर्ज आले,” मी म्हटलं, “पण ज्या पक्षकाराशी माझं नातं आहे म्हणता, त्यालाच कुणी विचारलं नाही. त्याचं म्हणणं घेतल्याशिवाय मी निर्णय कसा देऊ?”

“मॅडम,” प्रभुदेसाई पुढे वाकले, “देवीचं म्हणणं घ्यायचं म्हणजे कौल लावावा लागेल.”

“तीच वहिवाट असेल तर तसं.”

“म्हणजे देऊळ उघडावं लागेल.”

“तेवढ्यापुरतं.”

“मग उजव्या अंगाला पहिला कोण उभा राहणार?” म्हाडगुतांनी विचारलं, आणि त्या प्रश्नासरशी बाकांवरून आत्माराम आणि भिवा दोघेही उभे राहिले.

“नेरूरकर.”

“ते कोण देवळाचे?”

“देवळाचे कुणी नाहीत. गाव देवीला काही विचारतंय असं नाहीच हे. वकील आपल्या पक्षकाराला विचारतोय. त्यात मान कुणाचा आला?”

म्हाडगुतांनी प्रभुदेसाईंकडे पाहिलं, प्रभुदेसाईंनी म्हाडगुतांकडे. दोघांनाही हरकत घ्यायची होती, पण कशाला घ्यायची ते सापडेना. मी आदेश सांगायला लागले. टंकलेखक कान माझ्याकडे करून लिहून घेत होता. कार्तिकातला एक सोमवार, सकाळी कुलूप उघडायचं, नाझर हजर राहतील, न्यायालय स्थळपाहणीसाठी जागेवर असेल, नेरूरकर वकील वहिवाटीप्रमाणे प्रतिवादी क्रमांक तीनचं म्हणणं घेतील. कौलावर कोर्टाचा निर्णय अवलंबून राहणार नाही, हेही त्यात घातलं.

बार रूममध्ये त्या दिवशी सगळे म्हणाले, बाई भक्तीने वेड्या झाल्या. हे खोतांनीच मला येऊन सांगितलं, फार हळू आवाजात.

कोंडशेतला मी सरकारी जीपने गेले. दोन्ही बाजूंना भातं कापून झालेली, मधे उतरत्या कौलांचं देऊळ. सगळा गाव अंगणात उभा होता. मी देवळात शिरले नाही. पक्षकाराला बाकीच्यांच्या गैरहजेरीत भेटू नये, आणि बाकीचे सगळे तिथे होते तरी मला ते एकटीनेच भेटल्यासारखं वाटलं असतं. अंगणात तुळशीवृंदावनाशेजारी देवळाकडे पाठ करून मी खुर्चीवर बसले. ऐकू सगळं येत होतं.

कुलूप निघायला वेळ लागला. गंज चढला होता. शेवटी गुरवाने दिव्यातलं तेल आणून ओतलं तेव्हा किल्ली फिरली.

“नेरूरकर, या हयसर. देवीच्या उजव्या अंगाक,” लाडू गुरव म्हणाला. “चपला?”

“चपला नाहीत घातलेल्या.”

“मगे बूट कित्याक घालून इलास?”

“बूटही काढतो.”

मग गाऱ्हाणं सुरू झालं. “बाये पावणाये, तुज्या नावान कोर्टात कागद हत. एक जजबाई इल्या. त्या म्हणतत, मी तुजो न्याय करू की नको? करूचो आसात तर उजवो दी, नाय तर डावो दी…”

बराच वेळ काही झालं नाही. कुणी खोकलंसुद्धा नाही. माझ्या पाठीला ऊन लागत होतं आणि आता आणखी किती वेळ वळून बघायचं नाही, असं मनात येत होतं. मग आतून एकदम मोठा हुंकार आला आणि कुजबुज उठली.

“काय झालं?” मी खोतांना विचारलं.

“दोन्ही कळ्या एकदमच पडल्या, मॅडम.”

“याचा अर्थ?”

खोतांनी आत जाऊन विचारलं. गुरवाचं उत्तर मला तिथूनच ऐकू आलं. “देवी म्हणता, माका ह्यात पाडू नकात. तुमचा तुमी बघा.”

नेरूरकरांनी वहीच्या पानावर लिहिलं, ‘प्रस्तुत अर्जांवर प्रतिवादी क्रमांक तीन यांना काही म्हणायचे नाही’, खाली सही केली आणि कागद बाहेर आणून मला दिला. त्यांची कॉलर ताठ झाली होती.

खोत किल्ली घेऊन दाराकडे निघाले होते. तेवढ्यात लाडू गुरव आतून म्हणाला, “आता कळे भिजवलेलेच हत. आणि कोणाक काय इचारूचा आसा?”

अंगणात हालचाल झाली आणि थांबली. आत्माराम उंबरठ्याच्या डाव्या बाजूला उभे, भिवा उजव्या. दोघे एकमेकांकडे बघत होते. मला हे, आणि पुढचंही, खोतांनी मागाहून सांगितलं.

“हे आदेशात नाही,” प्रभुदेसाई म्हणाले.

“आदेशात बंदीही नाही,” म्हाडगुत म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण प्रथमच गावाच्या बाजूने बोललो.

“पण उजव्या अंगाक पयलो कोण?” भिवा पालवांनी विचारलं.

“पयलो झालो,” गुरव म्हणाला. “नेरूरकर पयलो. आता दुसरो कोण ता सांगा.”

आणि तिथे सगळे अडकले. पहिल्या मानावर एवढा मोठा दावा लागला होता. दुसऱ्या मानावर कुणी कधी लावलाच नव्हता. दुसरा उभा राहिला म्हणून कुणाचं काही जात नव्हतं, आणि पहिला उभा राहायचा प्रश्नच आता उरला नव्हता. आत्माराम पालवांनी टोपी काढली, पुन्हा घातली. भिवांनी पान काढलं, तोंडात घातलं नाही.

माझ्या खुर्चीजवळून बांगड्यांचा आवाज गेला. मी मान वळवली नाही. अनसूया पायऱ्या चढून आत गेली, वडलांना ओलांडून.

“माज्या लग्नाचा इचारा,” ती म्हणाली. “आसा तर आसा, नाय तर नाय. पण इचारा.”

“गो, बापाशीक इचार,” कुणीतरी म्हणालं.

“बापाशीक लय वर्सां इचारलंय.”

गुरवाने कळ्या लावल्या. या वेळी वेळ लागला नाही. अंगणातल्या सगळ्या बायकांनी एकदम श्वास सोडला तो मला ऐकू आला. उजवा पडला होता.

त्यानंतर जे झालं ते कोर्टाच्या शिस्तीत बसणारं नव्हतं. कुणाच्या मुलाचं, कुणाच्या बहिणीचं, एका विधुर मास्तरांचं स्वतःचं. गाव रांगेत उभं राहिलं. भिवा पालव धाकट्या घरातल्या एका पुतणीचं विचारायला गेले तेव्हा रांगेत आत्मारामांच्या मागे उभे होते, आणि कुणी काही बोललं नाही.

जेवणाची वेळ टळली. खोत माझ्याकडे आले. “मॅडम, कुलूप कधी लावायचं? आदेशात उघडायची वेळ आहे. लावायची नाही.”

“प्रतिवादी क्रमांक तीनचं म्हणणं घेऊन झालं की.”

“ते झालं ना?”

“ते तिच्या वकिलांना विचारा.”

नेरूरकर अंगणात माझ्यापुढे आले. कपाळाला कुंकू, खांद्यावर फुलाच्या पाकळ्या, पायात काही नाही. त्यांनी खोतांकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं.

“माझ्या पक्षकाराचं म्हणणं अजून चालू आहे,” ते म्हणाले.

दिवेलागणीला ते संपलं. मग खोतांनी कुलूप लावलं.

मंगळवारी मी कोर्टात अर्जांवर निर्णय दिला. दोनच ओळींचा होता: ‘अर्जांतील कारणे मान्य नाहीत. अर्ज मान्य.’ खाली माझं स्वतःचं कारण वेगळं लिहिलं, की मी या पक्षकाराचं नाव मुद्दाम टाळते आणि त्यामुळे ती मला रोज आठवते. असा न्यायाधीश या दाव्यात नसावा. हा दावा माझ्यापुढे ठेवू नये. म्हाडगुत आणि प्रभुदेसाई दोघेही जिंकले होते. दोघांचेही चेहरे पडलेले होते.

जिल्हा न्यायाधीशांचा दुपारी फोन आला.

“कौलावर निर्णय दिलात असं लोक म्हणतायत.”

“नाही साहेब. कौलाने तर काहीच सांगितलं नाही. निर्णय नवरात्रातच झाला होता, तुम्हाला फोन केला तेव्हा.”

“मग त्या दिवशीच का नाही दिलात?”

मी समोरची फाईल मिटून बाजूला ठेवली.

“बरं, मला एक सांगा,” ते म्हणाले. “आदेशात कुलूप उघडायची वेळ आहे. लावायची कशी राहिली?”

“टंकलेखकाने विचारलं होतं, ‘मॅडम, पुढे काय?’ मी म्हटलं, ‘पूर्णविराम.’”

ते हसले की खोकले मला कळलं नाही. मग म्हणाले, “आईला सांगतो.”

तो दावा पुढे कुणाकडे गेला, काय झालं, मला माहीत नाही. विचारणं मला योग्य वाटलं नाही.

तुळशीच्या लग्नानंतर चौथ्या दिवशी कोंडशेतला अनसूयाचं लग्न होतं. मला आमंत्रण नव्हतं. न्यायाधीशाला आमंत्रण देऊ नये एवढं तिथे आता सगळ्यांना ठाऊक होतं. पहाटे पाठ झाला. गावदेवींची नावं घेतली, एकही न गाळता. मग पाणी प्यायले आणि ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं.

फाटकाशी खोत भेटले. रजेच्या दिवशीही ते का कोण जाणे तिथे होते.

“जीप काढायला सांगू, मॅडम?”

“नको. हे सरकारी काम नाही.”

“कुणी विचारलं तर काय सांगू?”

“विचारणार नाही कुणी.”

एस.टी. साडेसातची होती. पदर डोक्यावरून घेतला, ओटीसाठी तो मोकळा आहे ना ते एकदा चाचपून पाहिलं, आणि मी स्टँडच्या रस्त्याला लागले.